हॅना कॉपर चेकर (एचआय ७०२): औषधाच्या आधी मीटर घ्या

घाईत असलेल्यांसाठी निकाल आधीच देऊन टाकते. खाऱ्या पाण्यातले मासे पाळत असाल आणि आजारी माशाला वेगळ्या टँकमध्ये ठेवून कॉपर, म्हणजे तांब्याचं औषध, देणार असाल, तर औषधाची बाटली नंतर घ्या, पाण्यातलं तांबं मोजणारा हा मीटर आधी घ्या. पाचात साडेचार. अर्धा का कापला तेही सांगते, पण त्यासाठी थोडं वाचावं लागेल.

माझी सगळी नोकरी पॅथॉलॉजी लॅबमध्ये गेली. सुरुवातीच्या काळात रक्तात ड्रॅबकिनचं द्रावण घालून कलरीमीटरवर, म्हणजे रंग किती गडद ते मोजणाऱ्या यंत्रावर, ५४० नॅनोमीटरला हिमोग्लोबिन काढायचो. रिपोर्टवर ‘बऱ्यापैकी लाल’ असं लिहून दिलं असतं तर डॉक्टरांनी दारात उभं केलं नसतं. माशांच्या बाजारात मात्र औषधाचं मोजमाप अजून त्याच पातळीवर आहे. कुर्ल्याला एका दुकानात मी पावडर ब्लू टँग या माझ्या निळ्या माशाच्या परांवरच्या पांढऱ्या ठिपक्यांचा फोटो दाखवला, तर काउंटरखालून एक निळी बाटली बाहेर आली. लेबलवर माशाचं चित्र, बाकी कोरं. किती टाकायचं? ‘एक ढक्कन डालो मॅडम, दो दिन में साफ.’ किती लिटरला एक झाकण, तर ‘टंकी को’. कुठली टंकी, केवढी टंकी, हे विचारण्यात अर्थ नव्हता, मागे गिऱ्हाईक उभं होतं.

बाटलीतला रंग ओळखीचा वाटला. बहुधा मोरचूद, म्हणजे कॉपर सल्फेट. नाशिककडचे द्राक्षवाले चुन्यात कालवून बोर्डो मिश्रण करतात, तेच. मोरचूद काही टाकाऊ नाही, माशांच्या परजीवींवर तांबं वापरायला सुरुवात झाली ती त्याच्यापासूनच. अडचण अशी की समुद्राच्या पाण्यात कार्बोनेट भरपूर, त्यांच्याशी जमून तांबं तळाला बसतं आणि पाण्यातलं प्रमाण घसरत जातं. कमी पडलं तर किडा मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो, आणि या दोन्हींमधलं अंतर फार थोडं. झाकण हे काही एकक नव्हे.

आता ‘दो दिन में साफ’चं. दुकानदार खोटं बोलत नव्हता, ठिपके खरंच जातात. औषध न टाकताही जातात. व्हाइट स्पॉट म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स नावाचा एकपेशीय जीव. माशाच्या कातडीत तो तीनेक दिवस ते आठवडाभर खाऊन फुगतो, तोच आपल्याला मिठाच्या कणासारखा दिसतो. मग तो आपणहून सुटून तळाला पडतो, भोवती कवच करतो आणि आत विभागून एकाचे शेकडो होतात. ती पिल्लं बाहेर पडून मासा शोधतात, तेवढ्या काळातच तांबं त्यांना मारू शकतं. कातडीतल्यालाही नाही, कवचातल्यालाही नाही. म्हणजे ठिपके गेले म्हणून औषध थांबवणारा माणूस नेमक्या चुकीच्या दिवशी थांबवतो. कवचं सगळी एकदम फुटत नाहीत. काही तीन दिवसांत, काही चार आठवड्यांनी, आणि ७२ दिवसांनी फुटल्याचीही नोंद आहे. मोठ्या टँकमध्ये ७६ दिवस एकही मासा ठेवायचा नाही हा जो नियम हौशी लोक पाळतात, तो तिथून आला.

यातून मीटरचं काम कळतं. पिल्लं कधी बाहेर येतील ते आपल्याला दिसत नाही, म्हणून तांबं दिवसरात्र, खंड न पडता, ठरलेल्या पातळीवर असलं पाहिजे. दोन दिवस पातळी घसरली की उपचाराच्या दिवसांची मोजणी पुन्हा एकपासून.

मीटर दिसायला अंड्यासारखा, मुठीत मावणारा. एक बटण, एक ट्रिपल-ए सेल. आत एलईडी आणि समोर प्रकाश टिपणारा सेन्सर, म्हणजे आमच्या लॅबच्या त्या जड डब्याचंच तत्त्व. क्युव्हेटमध्ये, म्हणजे सोबतच्या छोट्या काचेच्या कुपीत, १० मिली टँकचं पाणी घ्यायचं, झाकण लावायचं, काच पुसायची, भोकात बसवून बटण दाबायचं. हे ब्लँक, म्हणजे मीटरचं शून्य. मग त्याच क्युव्हेटमध्ये पावडरची एक पुडी टाकून हलवायचं. पावडरीत बायसिंकोनिनेट असतं, तांब्याशी गाठ पडली की पाण्याला जांभळी छटा येते. क्युव्हेट परत आत, बटण दाबून धरलं की ४५ सेकंदांची उलटी मोजणी, आणि आकडा. ०.०० ते ५.०० पीपीएम, दोन दशांश स्थळांपर्यंत. पीपीएम म्हणजेच लिटरला मिलिग्रॅम.

ज्यांना लॅबची सवय नाही त्यांच्यासाठी चार गोष्टी. क्युव्हेट झाकणापाशी धरा, काचेला बोट लागू देऊ नका. बोटाचा तेलकट ठसा मीटरला रंगासारखाच दिसतो. पुसायला टिश्यूपेक्षा जुन्या मऊ सुती साडीचा तुकडा बरा, धागे सोडत नाही. पुडी फाडू नका, कात्रीनं नीट कापा आणि टिचकी मारून शेवटचा कणसुद्धा आत उतरवा, कारण अर्धी पुडी म्हणजे खोटा कमी आकडा, आणि खोट्या कमी आकड्यावर माणूस औषध वाढवतो. हलवल्यावर काचेला बुडबुडे चिकटतात, ते जाईपर्यंत क्युव्हेट नखानं हलकेच ठोका. झाल्यावर आरओच्या पाण्यानं दोनदा धुऊन उलटं वाळत ठेवा. आमचे हे म्हणतात, निवृत्त झाल्यावरही हिची मॉर्निंग ड्यूटी सुटली नाही. खरंय. पण सगळं मिळून चहा उकळेपर्यंत होतं.

याआधी माझ्याकडे रंगाच्या पट्टीशी जुळवून बघायचा किट होता. नाव घेत नाही, कारण त्या जातीचे सगळेच सारखे. ट्यूबलाइटखाली एक रंग, खिडकीपाशी दुसरा. फिकट निळा आणि त्याहून जरा कमी फिकट निळा यांत ०.२५ आणि ०.५ चा फरक शोधायचा. मी रंग बघूनच पोट भरलं आहे, मला जमत नसेल तर तो दोष डोळ्यांचा नाही.

मीटरनं आकडा दिला. पण तो आकडा बरोबर की कमी की जास्त, हे मीटर सांगत नाही, आणि बहुतेकांची गल्लत इथेच होते. मीटरला एकूण तांबं दिसतं. ते कुठल्या रूपात आहे याचं त्याला देणंघेणं नाही. आणि औषधाची पातळी तर रूपावरच ठरते. साध्या मोरचूदाचं तांबं पाण्यात मोकळं असतं, तिथे ०.१५ ते ०.२० पीपीएम ही कामाची पातळी. सीकेम कंपनीच्या क्यूप्रामिन या औषधात ते अमाइनला बांधलेलं असतं, तिथे ०.५०. कॉपर पॉवर किंवा कॉपरसेफसारख्या चिलेटेड औषधांत आणखी घट्ट धरलेलं, तिथे २.० ते २.५. म्हणजे स्क्रीनवर २.२५ आलं तर एका टँकमधला मासा बरा होतोय आणि दुसऱ्या टँकमधला संध्याकाळ बघणार नाही. ‘माझं कॉपर २ आलंय, बरोबर आहे का?’ असं कुणी विचारलं की पहिला प्रश्न: कुठलं औषध? आणि ज्या बाटलीवर आत काय आहे ते लिहिलेलं नाही, तिला जगातला कुठलाच मीटर वाचवू शकत नाही. कुर्ल्याची ती बाटली मी घेतली नाही ती एवढ्यासाठीच.

आता त्या अर्ध्या गुणाचं. कंपनीनं स्वतः दिलेली अचूकता अशी: अधिक-उणे ०.०५, शिवाय रीडिंगच्या ५ टक्के. हिशेब करून बघा. क्यूप्रामिनच्या ०.५० ला ही सूट होते ०.०७५, म्हणजे मीटर ०.५० म्हणाला तर खरं तांबं ०.४३ पासून ०.५७ पर्यंत कुठेही असू शकतं. ज्या औषधात चुकायला जागा थोडी आहे तिथे एवढी सूट मला खटकते. उलट चिलेटेडच्या २.२५ ला सूट होते साधारण ०.१६, म्हणजे २.०९ ते २.४१, सगळं २.० ते २.५ च्या आत. म्हणून माझं मत असं की हा मीटर हाताशी धरून काम करायचं तर चिलेटेड औषध जास्त सोयीचं. क्यूप्रामिन वाईट नाही, त्याला डोस कमी लागतो आणि ते नंतर कार्बननं पटकन काढता येतं, पण त्याच्यावर नजर जास्त ठेवावी लागते. मोरचूदाच्या ०.१५ ला तर ही सूट आकड्याच्या जवळजवळ ४० टक्के. तिथे हा मीटर फक्त ‘आहे’ किंवा ‘नाही’ एवढंच धड सांगेल.

डोस काढताना टँकचं माप बाहेरून धरू नका. दोन फूट बाय एक फूट बाय १५ इंचांच्या टँकला दुकानात ७० लिटर म्हणतात. आपण तो १३ इंचांपर्यंत भरतो, आत पाइप आणि फिल्टर असतो, पाणी राहतं ६० लिटर. क्यूप्रामिन ४० लिटरला १ मिली, ४८ तासांनी पुन्हा तेवढंच, मग ०.५० वर १४ दिवस, असं बाटलीवर लिहिलेलं असतं. ६० लिटरला एका वेळी दीड मिली. इन्सुलिनची नव्हे, साधी २ मिलीची सिरिंज मेडिकलमध्ये मिळते. पुढे १५ लिटर पाणी बदललं आणि नव्या पाण्यात औषध घातलं नाही, तर ०.५० चं एका झटक्यात ०.३७ होतं. म्हणून बादलीतच ०.७५ मिली मिसळून मग ओतायचं. हे गणित कागदावर बरोबर येतं, तरी ओतल्यावर तासाभरानं मीटर लावायचाच.

क्वारंटाइन टँक कसा लावायचा यावर मी फार लिहीत नाही. उघडा तळ, वाळू नाही, दगड नाही, कारण दोन्ही तांबं शोषतात. लपायला प्लंबिंगवाल्याकडचे पीव्हीसी एल्बो. हीटर २६ अंशांवर, आधीपासून मोठ्या टँकमध्ये भिजत ठेवलेला स्पंज फिल्टर, जोडीला एअर स्टोन. फिल्टरमधला कार्बन काढून ठेवा, यूव्ही दिवा बंद. आणि हे वेगळं करायचं कारण मोठ्या टँकमधली कोळंबी आणि गोगलगायी. मासा सोसतो त्या पातळीचं तांबं त्यांना सोसत नाही. पुस्तकात म्हणतात दोन टँकांत दहा फूट अंतर ठेवा, कारण वेल्वेट या दुसऱ्या रोगाचा जीव एअर स्टोनच्या उडणाऱ्या तुषारांतूनही पसरतो. डोंबिवलीच्या वन बीएचकेत दहा फूट कुठून आणायचे? आमचा क्वारंटाइन टँक गॅलरीत, वॉशिंग मशीनच्या शेजारी, आणि गॅलरीचं दार बंद. बादली, जाळी, टॉवेल वेगळे, त्यांच्यावर लाल मार्करची खूण.

एका गोष्टीवर मात्र लिहिलंच पाहिजे, कारण तिथे मासे तांब्यानं मरत नाहीत, तांब्याचं नाव होतं. ती म्हणजे अमोनिया. छोट्या उघड्या टँकमध्ये अमोनिया पचवणारे जिवाणू आधीच कमी, त्यात औषधानं ते मंदावतात, आणि कॉपरमध्ये माशाची भूक गेलेली असते, तेव्हा टाकलेलं खाणं तळाला कुजतं. अमोनिया चढला की आपला हात सवयीनं प्राइमच्या बाटलीकडे जातो. क्यूप्रामिन चालू असताना जाऊ देऊ नका. प्राइमसारखी पाणी शुद्ध करणारी औषधं त्या तांब्याचं रूप बदलतात आणि ते एकदम विषारी होतं; दोन्ही एकाच कंपनीची आहेत आणि एकत्र वापरू नका असं ती कंपनीच सांगते. गंमत म्हणजे मीटरला यातलं काही कळणार नाही. तो आधीसारखाच ०.५० दाखवेल. इथे उपाय एकच, पाणी बदलणं. मी टँकच्या आत सीकेमचा अमोनिया अलर्ट बिल्ला चिकटवते. पिवळा असेल तोवर ठीक, हिरवट झाला की बादल्या बाहेर. साधा, स्वस्त, आणि रात्री पाणी प्यायला उठल्यावर टॉर्च मारूनही बघता येतो.

पावडर ब्लू टँग हा या सगळ्या परीक्षेसाठी योग्य पेशंट. हिंदी महासागरातलाच मासा, निळा अंगरखा, पिवळी कड, आणि व्हाइट स्पॉट ओढून घेण्यात पहिला नंबर. क्लाऊनफिश आता हॅचरीत तयार होतात, अगदी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातही कांदळवन प्रतिष्ठानची त्यांची हॅचरी आहे. टँग मात्र बाजारात येतात ते बहुतेक समुद्रातून धरलेले, आणि पकडल्यापासून आपल्या घरापर्यंत किती पिशव्या, किती टाक्या बघून येतात ते कुणी सांगत नाही. माझ्या टँगला मी चिलेटेड औषध हळूहळू चढवलं, पूर्ण पातळी गाठायला तीन-चार दिवस घेतले. एकदम दिलं की मासा कोपऱ्यात जाऊन श्वास टाकत बसतो. चढवताना सकाळ-संध्याकाळ रीडिंग, पातळी स्थिरावल्यावर दिवसाआड. पाणी वाफेनं उडालं की तांबं तिथेच राहतं आणि आकडा वर सरकतो, हे मला मीटरमुळे दिसलं. मे महिन्यात गॅलरीत ते चांगलंच जाणवतं. भर घालताना साधं आरओचं पाणी, औषधाचं नाही. नोरीचा, म्हणजे वाळवलेल्या समुद्री शेवाळाचा, तुकडा क्लिपला लावला तर सुरुवातीला तो वळून बघायचा नाही. पाण्याखाली काच स्वच्छ करायला हात घातला की मात्र एल्बोतून बाहेर येऊन शेपटीकडचा काटा दाखवायचा. तेव्हाच मला वाटलं, हा जगेल. सध्या हॉलमधल्या टँकमध्ये सगळ्यांवर दादागिरी करतो.

मीटर काय करत नाही तेही ऐका. तो निदान करत नाही. क्लाऊनफिशच्या अंगावर साय धरल्यासारखा चिकट थर दिसला तर तो बहुधा ब्रूक्लिनेला, आणि त्याला कॉपर लागू पडत नाही. क्रोमिसच्या अंगावर लालसर चट्टे आले तर युरोनेमा, त्यालाही नाही. चपट्या कृमींना प्राझिक्वांटेल लागतं. बारीक सोनेरी धूळ, जोरात चालणारे कल्ले, पॉवरहेडच्या, म्हणजे टँकमधल्या पंपाच्या, धारेत तोंड धरून पोहणारा मासा हे वेल्वेट. तिथे कॉपर चालतं, पण दिवस नाहीत, तासांचा खेळ असतो. ठिपका बघून बाटली उघडण्याआधी भिंग घेऊन मासा बघा. आणि शार्क, रे यांना कॉपर देऊच नका. सेंट्रोपायजी जातीचे छोटे एंजल, ईल, लायनफिश यांना द्यायचंच तर फार जपून.

खर्चाचं बोलायचं तर मीटर साधारण एका बऱ्यापैकी टँगच्या किमतीत पडतो. तो एकदाच. पुड्या मात्र संपत राहतात; पाकिटात २५ येतात आणि रोज दोनदा मोजलं तर पंधरवडासुद्धा पुरत नाहीत. म्हणून चढवण्याच्या काळात सढळ हातानं वापरा, नंतर हात आखडता घ्या. पुड्यांवरची तारीख बघून घ्या. दुकानात पडून राहिलेली जुनी पुडी स्वस्तात मिळते, पण तिचा आकडाही तसाच मिळतो. आमच्या इमारतीत आणखी एक समुद्री टँक आहे, दुसऱ्या मजल्यावर. त्यांनी आणि मी मीटर भागीत ठेवला आहे, क्युव्हेट मात्र ज्याचं त्याचं.

विकत घेताना एकच जपा. याच अंड्याचा एक भाऊ आहे, एचआय ७४७, तोही कॉपरचाच, दिसायला तसाच, आणि दुकानदार ‘एकच आहे हो’ म्हणून हातात देतो. तो मोजतो पीपीबीमध्ये, म्हणजे पीपीएमच्या हजाराव्या भागात, फक्त ९९९ पर्यंत, म्हणजे एक पीपीएमसुद्धा नाही. क्यूप्रामिनला कसाबसा चालेल, चिलेटेडच्या २.२५ ला त्याच्या स्क्रीनवर काहीही कामाचं येणार नाही. मीटरच्या खोक्यावर आणि पुड्यांच्या पाकिटावर, दोन्हीकडे ७०२ वाचा, मगच पैसे द्या.